प्रवासातला फोटो आधी आपल्या गल्लीत जमतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या, नोकरी सांभाळून हौसेने फोटो काढणाऱ्या एका वाचकाने लिहिलंय की युरोपच्या सहलीहून फोनमध्ये ढीगभर फोटो आले, पण भिंतीवर लावावा असा एकही सापडत नाही. रोजच्या धावपळीत तर फोटो काढण्यासारखं काही दिसतच नाही. दिवाळीनंतर कोल्हापूर, नृसिंहवाडी आणि खिद्रापूर असा बेत आहे. त्याआधी चांगला कॅमेरा घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?

मीसुद्धा हौशीच. नोकरी बँकेतली, फोटो सकाळी लवकर, सुट्टीच्या दिवशी आणि ऑफिसच्या वाटेवर. कॅमेऱ्याचं उत्तर शेवटी देते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट दुसरीच आहे. तुम्ही दोन तक्रारी केल्या आहेत: सहलीतले फोटो जमत नाहीत आणि रोजच्या जगण्यात फोटो दिसत नाहीत. माझ्या मते ही एकच तक्रार आहे. प्रवासात आपल्याला एखादी जागा अर्धा-पाऊण तास मिळते. तेवढ्या वेळात उजेड कुठून येतोय, माणसं कुठून कुठे जातायत, कुठे उभं राहिलं की मागची गिचमिड नाहीशी होते, हे सगळं कळावं लागतं. ते तिथे जाऊन शिकता येत नाही. ते रोजच्या रस्त्यावर, जिथे परत परत जाता येतं, तिथेच हाताडोळ्यांना वळण लागून येतं. गल्लीत एक फोटो धड काढता आला नाही तर पॅरिसमध्येही येणार नाही. पॅरिसमध्ये विषय भव्य असल्यामुळे ते काही दिवस लपतं एवढंच.

म्हणून बेताला निघेपर्यंत हे करा. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरातली एक जागा निवडा. चौक, भाजीबाजार, देवळाचं आवार, बसस्टॉप, काहीही चालेल. फक्त तिथे उजेड आणि माणसं दोन्ही असावीत. त्या एकाच जागी वेगवेगळ्या वेळी जा: सकाळी सातला, भर दुपारी, दिवे लागताना, पाऊस पडून गेल्यावर. सुरुवातीला फोटो कमी काढा आणि सावल्या बघा. कुठली भिंत किती वाजता उजळते, समोरच्या इमारतीची सावली रस्ता कधी ओलांडते, पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड कुणाच्या चेहऱ्यावर पडतो. ही माहिती कुठल्याही ॲपपेक्षा मोलाची आहे, कारण ती तुमच्या जागेची आहे.

तुम्ही कोल्हापूरला जाताच आहात तर तिथल्या अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं उदाहरण घ्या. दरवर्षी ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत ढग, धुरकं किंवा एखादं नवं बांधकाम आडवं आलं की किरणं अलीकडेच थांबतात. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाहीत आणि काढूही नयेत, पण ते देऊळ बांधणाऱ्यांना सूर्याची वर्षभराची चाल किती नेमकी ठाऊक होती हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं. तारखा दोनदा का येतात तेही लक्षात घ्या. सूर्य डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दक्षिणेकडे सरकतो आणि मग परत फिरतो, म्हणून एकाच दिशेला तो वर्षात दोनदा मावळतो. तुमच्या गल्लीलाही असे दोन काळ असतात, ज्या दिवसांत संध्याकाळचं ऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिरतं. ते दिवस हेरून ठेवा. एरवी अगदी कंटाळवाणी वाटणारी गल्ली त्या आठवड्यात ओळखू येत नाही.

पुण्यातलंच आणखी एक उदाहरण. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणजे दरवाज्याची दर्शनी बाजू दिवसभर स्वतःच्याच सावलीत आणि मागचं आकाश लख्ख. सुट्टीत येणारे पाहुणे नेमके हिवाळ्यात येतात आणि प्रत्येकाकडे तोच फोटो असतो: काळवंडलेला दरवाजा आणि पांढरंफटक आकाश. कॅमेरा कितीही महागाचा घ्या, दिशा बदलत नाही. हाच दरवाजा मे-जूनमध्ये सकाळी लवकर बघा. त्या दिवसांत सूर्य बराच उत्तरेकडून उगवतो, त्यामुळे बुरुजांवर तिरपं ऊन पडतं आणि दगडाचा पोत उठून दिसतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर पुण्यात भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यातच जायचं असेल तर ढगाळ दिवस निवडा, किंवा सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जा. तेव्हा आकाश आणि भिंत यांच्या उजेडातला फरक कमी झालेला असतो आणि दोन्ही एकाच फोटोत नीट येतात.

कुठल्याही ठिकाणी जाण्याआधी नकाशावर एवढंच पाहायचं: मुख्य दर्शनी बाजूचं तोंड कुठे आहे? वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख डोंगरउतारावर आहेत, म्हणून कैलास लेण्याच्या पुढच्या भागावर ऊन दुपारनंतर येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचंही तसंच. गेटवेला समुद्राकडची बाजू सकाळची, शहराकडची बाजू दुपारनंतरची. सहल कंपनीची बस मात्र तिच्या सोयीने पोचते. बस चुकीच्या वेळी पोचली तर मी इमारतीचा फोटो काढायचा हट्ट सोडते आणि सावलीतली माणसं, कमानीखालचा मऊ उजेड, जवळचं कोरीवकाम यांच्याकडे वळते. चुकीच्या उजेडात भव्य काही काढण्यापेक्षा बऱ्या उजेडात लहानसं काही काढलेलं केव्हाही चांगलं.

आता तुमच्या बेतातल्या खिद्रापूरकडे येते, कारण उजेड शिकायला महाराष्ट्रात याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कोपेश्वराचं देऊळ कृष्णेकाठी आहे, काळ्या दगडाचं, पायथ्याशी हत्तींची रांग असलेलं. पुढच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल शिळा. वरून येणारं ऊन फरशीवर गोल कवडशासारखं पडतं आणि दिवसभर सरकत राहतं. तुम्ही नोव्हेंबरात जाल तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असेल, त्यामुळे भर दुपारी हा कवडसा मधल्या शिळेच्या उत्तरेला पडेल. मेच्या सुरुवातीला तो माध्यान्ही जवळजवळ मध्यावर येतो.

तिथे जाणारे बहुतेक जण गोल शिळेवर उभे राहून फोन वर करतात आणि छतातलं भोक काढतात. तो फोटो तुम्हीही काढा, त्यात वाईट काही नाही. मग बाजूच्या खांबाला टेकून बसा. फोनच्या पडद्यावर कवडसा येईल अशी चौकट धरा, उजळलेल्या फरशीवर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे पक्के होतील, आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फरशीचा दगड पांढरा न पडता दगडासारखा दिसू लागेपर्यंत ओढा. आजूबाजूचे खांब काळोखात जातील, जाऊ द्या. फक्त त्यांच्या कडा आणि कोरलेली वळणं उजेडात राहतील. आता थांबा. कुणीतरी कवडशातून जाईलच: शाळेच्या सहलीतली मुलगी, प्रदक्षिणा घालणारी आजी, देवळातला झाडूवाला. पाय उजेडात आला आणि चेहरा अजून अंधारात आहे तो एक फोटो. चेहरा उजेडात वर पाहतोय तो दुसरा. दोन्ही घ्या. फरशीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली कसा लागतो ते बघा. स्टुडिओत पैसे मोजून जे पांढरे फलक लावतात त्यांचं काम तिथे दगडच करतो.

इथे मी जे सांगितलं त्याला मी चौकट आधी आणि माणूस नंतर म्हणते, आणि रस्त्यावरच्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त मला असेच मिळाले आहेत. माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन पळालं की तो कायम पाठमोरा मिळतो आणि मागे कुठलातरी फ्लेक्स किंवा विजेचा खांब डोक्यातून उगवलेला असतो. त्याउलट आधी रंगमंच नक्की केला, उजेड बघितला, कडेला काय घ्यायचं काय सोडायचं ते ठरवलं, की मग फक्त पात्राची वाट बघायची. महात्मा फुले मंडईत हे फार छान जमतं. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत गाळे उंचावर आहेत, विक्रेते वर बसतात आणि गिऱ्हाईक खालून बोलतं. म्हणजे नजरा तिरप्या, वरून खाली आणि खालून वर. एका गाळ्यावर लक्ष ठेवून बसा. भाजी लावून झाल्यावर तिच्यावर पाणी मारतात, तो क्षण. तराजू स्थिर व्हायची वाट पाहणारे दोन चेहरे, तो क्षण. पैसे देताना वरून खाली आलेला आणि खालून वर गेलेला हात, तो क्षण. हे सगळं तासाभरात अनेकदा घडतं. पहिल्यांदा हुकलं तर पुन्हा होणार हे ठाऊक असतं, आणि तेच ठाऊक असल्यामुळे हात घाईत थरथरत नाही. रोजच्या गोष्टींचं हे मोठं देणं आहे. त्या परत परत घडतात, म्हणून शिकू देतात.

उजेड मोजण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती पावलोपावली आडवी येते. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या उजळपणाचं आहे असं धरून चालतो. फोन आता पुष्कळ हुशार झालेत, तरी मूळ खोड हेच. आपली जुनी देवळं, लेणी, किल्ले काळ्या कातळाचे. चौकटभर काळा दगड असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो फोटो उजळवतो. दगड राखाडी होतो, त्याचं वजनच जातं. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी करायचं, कॅमेऱ्यात उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आषाढीच्या वारीत बरोबर उलटं. चौकटभर पांढरे सदरे, धोतरं, टोप्या असल्या की कॅमेरा फोटो अंधारवतो आणि पांढरं मळकट दिसतं, चेहरे तर पारच काळे पडतात. तिथे दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचं. भर उन्हात मात्र टोपीवरचे तपशील उडत नाहीत ना एवढं पाहायचं. पावसाळी ढगाळ उजेडात, जो आषाढात बहुधा असतोच, हे फार सोपं जातं. दिवे घाटात ढग उतरलेले असताना चेहऱ्यांवर जो सारखा, मऊ उजेड असतो त्यात रंग अगदी खरे येतात. लोक ढगाळ हवा बघून कॅमेरा आत ठेवतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. माणसांचे फोटो काढायला तीच हवा सगळ्यात चांगली.

शटरच्या वेगाचं, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं याचं गणित आटोपशीर सांगते. चालत्या माणसासाठी १/२५० सेकंद, पळणाऱ्या मुलांसाठी १/५००, रिंगणातल्या अश्वासाठी १/१००० किंवा त्याहून जलद. त्यासाठी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १६०० किंवा ३२०० करावा लागला तर खुशाल करा. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही.

आता माणसांबद्दल. अनोळखी माणसाचा फोटो विचारून काढावा की न विचारता, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. मी काय करते ते सांगते. गर्दीतलं, बाजारातलं व्यापक दृश्य असेल तर विचारत बसत नाही. एकट्या माणसाचा चेहरा चौकट भरून घ्यायचा असेल तर विचारते. "काका, तुमचा एक फोटो काढू का?" एवढंच. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे. हो म्हणाले तर ते लगेच ताठ उभे राहतात, टोपी सारखी करतात, पदर नीट घेतात. तो फोटो मनापासून काढा, कारण ते स्वतःला तसंच बघू इच्छितात आणि त्यांना पाठवायचा तो हाच. मग पडद्यावर दाखवा. दोन शब्द बोला, भाव विचारा, गाव विचारा. ते पुन्हा आपल्या कामाला लागले की दुसरा फोटो काढा, हवं तर परत विचारून. बहुधा तो दुसराच तुमचा असतो. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नये आणि त्यांनी हो म्हटलं तरी मुलाचं नाव-गाव लिहून कुठे टाकू नये. नृसिंहवाडीच्या किंवा पंढरपूरच्या घाटावर अंघोळ करणाऱ्या, ओल्या कपड्यातल्या बायकांवर लांबची लेन्स रोखणारे लोक मी पाहिले आहेत. तो फोटो कितीही "प्रातिनिधिक" म्हटला तरी काढू नये. घाटावर दिवे आहेत, पायऱ्या आहेत, नावा आहेत, पूजेचं साहित्य विकणारे आहेत; विषयांची वानवा नाही.

फोटो पाठवतो म्हणून सांगितलं तर पाठवाच. कुणी काढून नेलेले आणि कधीही न आलेले फोटो ही खेडोपाडी जुनी तक्रार आहे, आणि पुढच्या छायाचित्रकाराला त्या गावात कसं वागवलं जाईल ते आपण पाळलेल्या शब्दावर ठरतं. छापलेली प्रत टपालाने गेली तर फारच उत्तम. फोर बाय सिक्सच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे बावीस लाखांच्याही आत. हे काम कुठलाही आजचा फोन डोळे मिटून करतो.

घरच्यांचे सहलीतले फोटो हा तुमच्या पत्रातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग वाटला. तुम्ही लिहिता की आयफेल टॉवरपुढे उभे असलेले आई-बाबा ओळखूसुद्धा येत नाहीत. याचं कारण अगदी साधं आहे. आपण त्यांना इमारतीजवळ पाठवतो आणि मग इमारत पूर्ण यावी म्हणून स्वतः मागे मागे जातो. उलट करा. इमारत जिथून पूर्ण दिसते तिथे आधी तुम्ही उभे राहा, आणि आई-बाबांना आपल्याजवळ बोलवा, दोन-तीन मीटरवर. टॉवर मागे आपोआप मावतो आणि चेहरे मोठे येतात. उन्हाकडे तोंड करून उभं करू नका, डोळे मिटतात आणि कपाळाला आठ्या पडतात. सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं करा. फोनच्या नेहमीच्या लेन्सने चेहऱ्याच्या फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, म्हणून थोडं लांब राहून दुप्पट झूम वापरा. आणि "स्माइल" म्हणण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन जादा फोटो घेत जा. फोटो झाला म्हणून माणसं सैल होतात, एकमेकांकडे बघतात, बाबा आईच्या हातातली पिशवी घेतात. आमच्याकडच्या अल्बमात लोक थांबून बघतात ते हेच फोटो.

रोजच्या फोटोंत दिसतच नाही काही, या तक्रारीला माझ्याकडे उत्तर म्हणून काही माणसं आहेत. पहिल्या होमाई व्यारावाला: १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आणि नेहरूंच्या काळाच्या साक्षीदार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचं सुरुवातीचं काम मुंबईतल्या साध्या जगण्याचं आहे, मैत्रिणींचं, शहराचं. त्यातले काही फोटो तेव्हा पती माणेकशा यांच्या नावाने छापून आले. दुसऱ्या व्हिव्हियन मायर. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करत त्यांनी आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, कुणाला फारसे दाखवले नाहीत. २००७ साली गोदामाचं भाडं थकल्यामुळे त्यांचं सामान लिलावात निघालं आणि त्यानंतर हळूहळू ते फोटो जगापुढे आले. निगेटिव्ह लाखाच्या घरात होत्या. २००९ मध्ये त्या वारल्या. तिसरे सॉल लायटर. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात राहून त्यांनी दशकानुदशकं घराच्या आसपासचेच रस्ते काढले: पावसाने धुरकट झालेल्या काचा, लाल छत्र्या, बर्फातली पावलं. या तिघांत मला समान काय दिसतं तर यांना विषय शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मायर तर मुलांना फिरायला नेता नेता काढत होत्या.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते. घरातले, गल्लीतले फोटो काढताना मागचं धूसर करू नका. पोर्ट्रेट मोडने चेहरा सुबक दिसतो हे खरं, पण वीस वर्षांनी त्या फोटोत लोक चेहऱ्याइतकंच मागचं बघणार आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर, फडताळातले डबे, रेशनचं पोतं, देवघराचा दिवा, खुंटीवरची छत्री, दारातली स्कूटर, समोरच्या दुकानाची रंगवलेली पाटी. पुण्यातले वाडे आमच्या डोळ्यांदेखत गेले. ज्या घरांत लग्नामुंजीचे अल्बम भरून फोटो आहेत, त्या घरांत वाड्याच्या जिन्याचा एक फोटो नाही, कारण जिना रोजचा होता. जुन्या फोटोंत जिना सापडतो तो चुकून, कुणीतरी नवी सायकल दाखवायला उभं राहिलं म्हणून मागे आलेला. तुम्ही तो मुद्दाम काढा. आईचा स्वयंपाक करतानाचा फोटो काढताना दोन पावलं मागे या, ओटा सगळा घ्या. ऑफिसचा डबा, लोकलमधली नेहमीची जागा, किराण्याच्या दुकानातला वजनकाटा, सोसायटीच्या वॉचमनची खुर्ची. आज यात काही दिसत नाही, कारण ते सगळं उद्याही असणार आहे असं आपण धरून चालतो.

एकदा हे बघायची सवय लागली की प्रवासातही डोळे तिकडे जातात. कोल्हापुरात देवळाबाहेर फुलांच्या परड्या कशा रचल्यात, चपला कुठे ठेवल्यात, रंकाळ्यावर संध्याकाळी कोण कोण येऊन बसतं. युरोपात चौकातल्या पुतळ्यापेक्षा त्याच्या पायऱ्यांवर डबा खाणारे लोक. पोस्टकार्डावरचा फोटो विकत मिळतो, तो आपण काढलाच पाहिजे असं नाही.

आल्यावर काय करायचं तेही तितकंच महत्त्वाचं. घरी पोचल्या रात्री निवड करू नका, सगळेच आवडतात. आठवडाभराने बसा. एकाच दृश्याचे सात-आठ असतील तर एक ठेवा. सगळ्या सहलीतून वीस निवडा आणि त्यांच्या प्रिंट काढा. मागे पेन्सिलने कोण, कुठे, केव्हा लिहा. आपल्या आजोबांच्या पेटीतल्या फोटोंमागे निळ्या शाईने लिहिलेलं असायचं म्हणूनच आपल्याला त्यातली माणसं कळतात. मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसतो, तेव्हा नातेवाइकांकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. परदेशात गेलात तर कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा, नाहीतर फोन आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र करताना सकाळ-संध्याकाळची खिचडी होते.

आता कॅमेरा. दिवाळीआधी घेऊ नका. हे दोन-तीन महिने फोनवरच एका जागी काम करा, मग तुमची अडचण काय आहे ते तुम्हाला नेमकं सांगता येईल. दिवे लागल्यावर हलती माणसं फसतात असं वाटलं तर मोठ्या सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा आणि भरपूर उजेड आत घेणारी एफ/१.८ ची एक लेन्स घ्या, साधारण ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या नजरेची. दूरचे पक्षी हवे असतील तर मार्गच वेगळा, खर्चही वेगळा. सगळंच हवं म्हणून कॅमेऱ्यासोबत येणारी किटमधली झूम आणि वर दोन लेन्स घेतल्यात तर पिशवी घरी राहते आणि तुम्ही परत फोनवर येता. मी स्वतः एका बॉडीवर एकच लेन्स लावून फिरते.

जुना घ्यायला हरकत नाही, पण लेन्स घेताना पुढून टॉर्च मारून मागून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. आपल्या पावसाळ्यात, आणि कोकणात तर बाराही महिने, ही भीती असतेच. लेन्स कापडी पिशवीत कपाटात कोंबू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कोरड्या कढईत मंद आचेवर तापवले की परत निळे होतात (ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका). विजेवर चालणारा ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत नेलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग काढा. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.

बेत ठरवताना खिद्रापूरला सकाळी दहा ते दुपारी दोन यामधला वेळ राखून ठेवा, कवडसा तेव्हा फरशीवर असतो. नृसिंहवाडी पहाटे किंवा संध्याकाळी करा. आणि गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की खिद्रापूरला निदान दोन तास थांबायचंय.